मशीन 'बंद' आहे म्हणजे नक्की काय?

मागच्या सुट्टीत मी महिनाभर एका कारखान्यात ट्रेनिंगला होतो. रिपोर्टमध्ये ले-आउट, प्रोसेस फ्लो सगळं लिहिलं, व्हायवाही छान झाली. एक गोष्ट मात्र लिहायची राहिली, खरं म्हणजे मीच टाळली. ती इथे सांगतो.

मेंटेनन्सच्या एका फिटर काकांच्या हाताखाली मी होतो. एका दुपारी ब्लोअरचा व्ही-बेल्ट बदलायचा होता. काकांनी लाल बटण दाबलं, मोटर थांबली. मला म्हणाले, "तू स्टार्टरपाशी उभा राहा. कुणाला हात लावू देऊ नकोस." गार्ड काढून ते कामाला लागले. थोड्या वेळाने त्यांनी १७-१९चा पाना मागितला आणि मी टूलरूमकडे धावलो. तेवढ्यात चहाहून परतलेल्या ऑपरेटरने ब्लोअर बंद पाहून हिरवं बटण दाबलं. पॅनलच्या आड काम करणारे काका त्याला दिसतच नव्हते. मी परत आलो तोवर त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती.

हात मागे घेता आला नसता का? हिशोब करून बघा. मोटर १४४० आरपीएमची, पुली २०० मिमीची. सेकंदाला २४ फेरे, एका फेऱ्यात सुमारे ०.६३ मीटर, म्हणजे बेल्टचा वेग सेकंदाला १५ मीटर. माणसाला प्रतिक्रिया द्यायलाच साधारण ०.२ सेकंद लागतात. तेवढ्यात बेल्ट ३ मीटर पुढे! सुरू होताना वेग कमी असतो हे खरं, पण बेल्ट पुलीत शिरतो तिथे बोट ओढलं जायला पुलीचा अर्धा फेरासुद्धा पुष्कळ झाला. गिअर, रोलर, चेन-स्प्रॉकेट, सगळीकडे हेच.

आता मूळ मुद्दा. लाल बटण फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा सप्लाय तोडतं. कॉन्टॅक्टरपर्यंत तिन्ही फेज तशाच जिवंत असतात. म्हणजे मशीन 'थांबलेलं' असतं, 'बंद' नसतं. खरं बंद करायची रीत अशी:

१) संबंधित सगळ्यांना आधी सांगा.
२) मशीन थांबवून मेन आयसोलेटर ऑफ करा.
३) आयसोलेटरला स्वतःचं कुलूप लावा, चावी स्वतःच्या खिशात ठेवा. चारजण काम करत असतील तर चार कुलपं. सोबत नाव आणि तारीख लिहिलेला टॅग.
४) साठलेली ऊर्जा काढा. फ्लायव्हील पूर्ण थांबू द्या, हवेचं आणि हायड्रॉलिकचं प्रेशर सोडा, वर उचललेला भाग खाली टेकवा किंवा त्याला आधार द्या.
५) शेवटी स्टार्ट बटण दाबून बघा. सुरू झालं नाही, तरच हात घाला.

याला लॉकआउट-टॅगआउट म्हणतात. अमेरिकेत १९८९ साली याचा स्वतंत्र नियम झाला. फिरत्या भागांना गार्ड हवा, हे तर आपल्याकडे १९४८च्या कारखाने कायद्यातच सांगितलं होतं. पण मेंटेनन्सवाल्याला गार्ड काढावाच लागतो, म्हणून त्याचं संरक्षण म्हणजे कुलूपच.

आणखी दोन गोष्टी. फिरत्या शाफ्टजवळ किंवा ड्रिलिंग मशीनवर हातमोजे घालू नका. मोजा अडकला की हातही आत जातो. अंगठी, कडं, सैल बाही यांचंही तेच. आणि बोट तुटलंच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. तुटलेलं बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात टाकू नका. दोघांनाही लगेच हॉस्पिटलला न्या.

नंतर मी काकांना भेटायला गेलो. माफी मागितली. ते म्हणाले, "पाना मीच मागितला होता रे. पोराला उभं करायच्या ऐवजी कुलूप लावायला हवं होतं." मला त्याने बरं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. पण त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. माणूस पाना आणायला जातो, कुलूप जात नाही.

आपल्या वर्कशॉपमध्ये पुढच्या वेळी मशीनचा बेल्ट बदलाल तेव्हा सरांना एवढंच विचारा, "सर, कुलूप कुठे आहे?"