जुळणी म्हणजे जतन नव्हे

विद्यार्थीमित्रहो, शाळेचे प्रकल्प, अभ्यासाचीं टिपणें, वडिलांच्या घरपट्टीच्या पावत्या आणि आजीआजोबांचीं छायाचित्रें हीं सर्व हल्लीं कपाटांतून निघून संगणकांत जाऊन बसलीं आहेत. संगणक बिघडला तरी हें धन बुडूं नये म्हणून त्याची एक प्रत इंटरनेटवरील दूरच्या कोठारांत, म्हणजे ज्यास क्लाउड म्हणतात तेथें, ठेवण्याची सोयही अनेक घरीं झाली आहे. ही सोय सुरळीत चालते तोंवर तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. परंतु प्रकल्प दाखल करावयाच्या आदल्या रात्रीं जेव्हां फाइल दिसत नाहीं, किंवा दिसते ती आठवड्यापूर्वींची, तेव्हां घरांत मोठी धांदल उडते. आणि त्या धांदलींत जें केलें जातें त्यानेंच पुष्कळदां मूळ बिघाडाहून अधिक नुकसान होतें. म्हणून असा प्रसंग आल्यास तपास कोणत्या क्रमानें करावा, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. उदाहरणासाठीं विंडोज संगणकावरील वनड्राइव्ह ही व्यवस्था घेऊं. गूगल ड्राइव्ह व ड्रॉपबॉक्स यांची रीत बारीकसारीक फरक सोडल्यास अशीच आहे.

आज्ञाधारक कारकून

एका पेढीच्या दोन वह्या आहेत अशी कल्पना करा. एक वही दुकानांत असते, दुसरी दूरच्या कोठींत. दोहोंच्या मध्यें एक कारकून अहोरात्र ये-जा करतो. दुकानच्या वहींत नवी ओळ लिहिली कीं तो ती कोठींतल्या वहींत उतरवितो. कोठींत कांहीं बदललें कीं तें दुकानांत आणून लिहितो. संगणकावरील वनड्राइव्ह नांवाचा फोल्डर ही आपली दुकानची वही, कंपनीच्या दूरच्या संगणकांवरील जागा ही कोठीची वही, आणि संगणकांत पडद्याआड चालणारा वनड्राइव्हचा कार्यक्रम हा तो कारकून होय. ह्याच्या ह्या कामास सिंक असें म्हणतात. आपण त्यास जुळणी म्हणूं.

आतां या कारकुनाचा स्वभाव नीट ध्यानांत घ्या. तो आज्ञाधारक आहे, पण विचारी नाहीं. दुकानच्या वहींतील एखादें पान कोणी फाडलें, तर तें चुकून फाडलें कीं जाणूनबुजून, हें तो विचारीत नाहीं; धांवत जाऊन कोठींतलेंही तेंच पान फाडून येतो. एखाद्या दुष्ट कार्यक्रमानें संगणकांतील फाइली बिघडविल्या, तर त्या बिघडलेल्या फाइलीही तो इमानें पोहोंचवील. दोन वह्या सारख्या ठेवणें एवढेंच त्याचें काम. त्या खऱ्या ठेवणें हें त्याचें काम नव्हे. म्हणून जुळणी म्हणजे जतन नव्हे, हें या पाठाचें मुख्य सूत्र समजावें. पुढील सर्व नियम यांतूनच निघतात.

आधीं काय करूं नये

बिघाड दिसतांच कोणी फाइली पुसतो, कोणी कार्यक्रमच काढून टाकून फिरून बसवितो, कोणी आपलें खातें तोडून नव्यानें जोडतो. रोग कोठें आहे हें समजण्यापूर्वींच हे उपाय करणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, असा प्रकार होय. पहिलें काम एकच : ज्या फाइली संगणकावर उघडतात, त्यांची एक प्रत वनड्राइव्हच्या फोल्डरबाहेर, शक्य तर पेनड्राइव्हवर, काढून ठेवावी. येथें हलवूं नये, प्रतच करावी. फोल्डरमधून फाइल हलविली तर कारकुनाच्या लेखीं ती पुसलीच गेली.

ही सावधगिरी अनाठायीं नाहीं. नोव्हेंबर २०२३ मध्यें गूगल ड्राइव्हचा संगणकावरील कार्यक्रम वापरणाऱ्या कांहीं लोकांस आपल्या अलीकडच्या फाइली नाहींशा झालेल्या आढळल्या. तेव्हां खुद्द कंपनीनें त्यांस बजाविलें कीं, खातें तोडूं नका, आणि संगणकांतील त्या कार्यक्रमाचा माहितीचा फोल्डर पुसूं किंवा हलवूं नका. कारण ज्या फाइली कोठींत पोहोंचल्याच नव्हत्या, त्यांचा माग लागलाच तर त्या संगणकांतील सांठ्यांतूनच लागावयाचा होता. डिसेंबरांत कंपनीनें फाइली परत मिळविण्याचें साधन दिलें. ज्यांनीं घाईनें साफसफाई केली नव्हती, त्यांना त्याचा उपयोग होण्याची आशा अधिक होती, हें उघड आहे.

तपासाचा क्रम

प्रत काढून झाली म्हणजे शांतपणें पुढील गोष्टी एकामागून एक पाहाव्या.

पहिली गोष्ट, कोठीची वही पाहावी. ब्राउझरमधून वनड्राइव्हच्या संकेतस्थळावर जाऊन फाइल तेथें आहे काय तें बघावें. तेथें नवी फाइल असेल आणि संगणकावर जुनी असेल, तर कारकून आणण्यांत अडला आहे. तेथें जुनी आणि संगणकावर नवी असेल, तर तो नेण्यांत अडला आहे. एवढ्या एका पाहणीनें निम्मा शोध संपतो.

दुसरी, खातें कोणतें तें पाहावें. एका घरांत आईचें, मुलाचें व शाळेनें दिलेलें अशीं तीन खातीं असणें आतां नवलाचें नाहीं. फाइल शाळेच्या खात्यांत ठेवून घरच्या खात्यांत शोधीत बसल्यास ती कशी सांपडावी ?

तिसरी, चिन्हें वाचावीं. पडद्याच्या खालच्या पट्टींत घड्याळाशेजारीं वनड्राइव्हचें ढगाचें चिन्ह असतें. तें करड्या रंगाचें असून त्यावर आडवी रेघ असेल, तर तुम्हीं खात्यांत प्रवेशच केलेला नाहीं. त्यावर दोन उभ्या रेघा असतील, तर काम थांबविलेलें आहे. वनड्राइव्ह २, ८ किंवा २४ तास थांबवितां येतें, आणि पुष्कळदां आपणच तें थांबवून विसरतों. फाइलींच्या शेजारींही चिन्हें असतात. हिरवी बरोबरची खूण म्हणजे फाइल संगणकावर आहे. निळा ढग म्हणजे ती केवळ कोठींत आहे आणि उघडण्यास इंटरनेट लागेल. गोल फिरणारे बाण म्हणजे काम चालू आहे, आणि तांबड्या वर्तुळांतील फुली म्हणजे कारकून कोठें तरी अडखळला आहे. निळा ढग पाहून फाइल आपल्याजवळ आहे असें समजूं नये. प्रवासास निघण्यापूर्वीं जी फाइल हवी तिच्यावर उजवी कळ दाबून ती कायम या संगणकावर ठेवण्याची आज्ञा द्यावी.

चौथी, वाट मोकळी आहे काय तें पाहावें. पावसाळ्यांत वीज गेली म्हणजे आपण वडिलांच्या मोबाइलवरून संगणकास इंटरनेट देतों. अशा जोडणीस विंडोजमध्यें मोजकी जोडणी असें ठरविलेलें असल्यास, पैसे वांचावे म्हणून वनड्राइव्ह आपण होऊन थांबतें. बॅटरी वांचविण्याची सोय चालू असतांनाही तसेंच होतें. हा बिघाड नव्हे, काटकसर होय. याशिवाय संगणकाचें घड्याळ पाहावें. तारीख किंवा वेळ फार चुकलेली असेल, तर दूरच्या संगणकाच्या ओळखपत्राची मुदत पडताळतां येत नाहीं आणि सुरक्षित जोडणी नाकारली जाते. जुन्या संगणकाच्या आंतील लहान बॅटरी संपली म्हणजे ही अडचण हटकून येते.

पांचवी, जागा शिल्लक आहे काय तें पाहावें. वनड्राइव्हमध्यें विनामूल्य जागा ५ जीबी मिळते. गूगलमध्यें ती १५ जीबी आहे, परंतु ई-पत्रें आणि छायाचित्रें यांचाही हिशेब तींतच होतो. कोठी भरली कीं नवी फाइल चढत नाहीं. उलट संगणकाचीच जागा भरली असेल तर फाइल उतरत नाहीं. येथें एक खड्डा आहे. संगणकावर जागा करण्यासाठीं फाइल पुसली, तर ती कोठींतूनही जाते. अशा वेळीं फाइलीवर उजवी कळ दाबून ‘फ्री अप स्पेस’ ही आज्ञा द्यावी. तिनें संगणकावरील प्रत जाते, कोठींतील राहते.

सहावी, फाइलीचें नांव पाहावें. प्रश्नचिन्ह, तारांकित खूण, अपूर्णविराम, उभी रेघ, दोन्ही प्रकारच्या तिरप्या रेघा, दुहेरी अवतरणचिन्ह आणि लहानमोठेपणाचीं चिन्हें विंडोजमध्यें फाइलीच्या नांवांत चालत नाहींत. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रावर ‘पाऊस कसा पडतो?’ असें नांव कदाचित् देतां येईल, पण तें विंडोजपाशीं अडेल. नांव फार लांब असलें तरीही अडतें. फोल्डरांत फोल्डर घालून झालेला सर्व पत्ता विंडोजच्या जुन्या मर्यादेप्रमाणें २६० खुणांच्या आंत असावा लागतो. मराठी लिहिणारांनीं हें विशेषेंकरून लक्षांत ठेवावें. ‘विद्यार्थी’ हा शब्द आपल्या डोळ्यांस तीन अक्षरांचा दिसतो, परंतु संगणक काना, वेलांटी आणि हलन्त वेगळे मोजतो, म्हणून त्याच्या हिशेबीं त्यांत १० खुणा होतात. यास्तव नांवें आटोपशीर असावीं.

सातवी, एकाच फाइलीच्या दोन आवृत्त्या झाल्या आहेत काय तें पाहावें. ताईनें घरीं निबंध दुरुस्त केला आणि त्याच वेळीं धाकट्या भावानें इंटरनेट नसतांना दुसऱ्या संगणकावर त्याच फाइलींत भर घातली, तर खरी कोणती ? हा प्रश्न नवा नाहीं. अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत महादेव सत्यनारायणन् यांच्या नेतृत्वाखालीं १९८७ मध्यें सुरू झालेल्या कोडा या प्रकल्पांत, जोडणी तुटलेली असतांनाही फाइलींवर काम कसें करावें याचा अभ्यास झाला. तेथेंही कांहीं तंटे शेवटीं माणसासच सोडवावे लागत. वनड्राइव्ह अशा वेळीं दोन्ही प्रती ठेवूं शकतें आणि एकीच्या नांवापुढें संगणकाचें नांव जोडतें. अशी जोडनांवाची फाइल दिसल्यास ती कचरा समजून पुसूं नये. दोन्ही उघडून, ताडून, एक शुद्ध प्रत करावी, आणि मगच दुसरी काढावी.

फाइल हरवली असें वाटल्यास

कधीं कधीं संगणक उघडावा तों पडद्यावरील सर्व फाइली गेलेल्या दिसतात. बहुधा त्या गेलेल्या नसतात. वनड्राइव्ह डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स व पिक्चर्स हे फोल्डर आपल्या पोटांत घेऊं शकतें; पुढें ती सोय बंद केली तर फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरांत राहून मूळ जागा रिकामी दिसूं शकते. म्हणून रडण्यापूर्वीं तेथें शोधावें. फाइल खरोखर पुसली गेली असेल, तर संकेतस्थळावरील कचरापेटी पाहावी. घरगुती खात्यांत पुसलेली फाइल तेथें साधारणपणें ३० दिवस राहते. फाइल आहे पण मजकूर बिघडला असेल, तर तिच्या पूर्वींच्या आवृत्त्यांच्या यादींतून चांगली निवडावी. हीं दोन्ही द्वारें मुदतीचीं आहेत, यास्तव आळस करूं नये.

इतकें करूनही जुळणी होत नसेल, तरच संगणक बंद करून पुन्हां चालू करावा, कार्यक्रम अद्ययावत करावा, आणि शेवटचा उपाय म्हणून वनड्राइव्हची मांडणी मुळापासून नव्यानें करावी. या उपायानें कोठींतील फाइली जात नाहींत, परंतु सर्व पडताळणी पुन्हां होत असल्यामुळें वेळ फार लागतो. ज्या फाइली चढल्याच नव्हत्या, त्यांची आधीं काढलेली प्रत येथें उपयोगीं पडते.

पालकांस दोन शब्द

ज्यास आपण जतन म्हणतों तें निराळेंच करावें लागतें. छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नांवाशीं जोडलेला ३-२-१ हा नियम सोपा आहे : महत्त्वाच्या वस्तूच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्या, आणि एक घराबाहेर असावी. संगणकावरील फाइल ही एक प्रत, क्लाउडमधील दुसरी. तिसरी, महिन्यांतून एकदां बाहेरच्या डिस्कवर काढून ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटांत ठेवावी. कारकुनाचा हात जेथें पोहोंचत नाहीं, अशी हीच एक प्रत होय. मुलांच्या दहावीच्या गुणपत्रिका आणि घराचीं कागदपत्रें यांच्यासाठीं एवढा खटाटोप अधिक नव्हे.

सुटींत करावयाचा प्रयोग

विद्यार्थ्यांनीं वनड्राइव्हच्या फोल्डरांत ‘प्रयोग’ नांवाची एक लहान फाइल करावी. तिचें चिन्ह कसें पालटतें तें पाहावें व ती संकेतस्थळावर कधीं दिसते याची वेळ लिहावी. मग इंटरनेट बंद करून तींत एक ओळ घालावी, पुन्हां चालू करावें आणि काय होतें तें टिपावें. नंतर फाइल संगणकावरून पुसावी, ती कोठींतूनही गेली हें डोळ्यांनीं पाहावें, व कचरापेटींतून परत आणावी. हा प्रयोग टाकाऊ फाइलीवर एकदां शांतपणें केलेला असला, म्हणजे प्रकल्पाच्या आदल्या रात्रीं हात थरथरणार नाहीं. घरांत वडील माणसांची फाइल अडली असतां, आधीं प्रत काढा, मग चिन्ह वाचा, हें सांगण्याचें काम मग तुमच्याकडेच येईल. तें तुम्ही उत्तम प्रकारें कराल अशी आमची खात्री आहे.