ड्रायव्हर पाहिजे, उंची पाच सेंटिमीटर

छंद विचारला की लोक वाचन सांगतात, भटकंती सांगतात. मी सांगतो, "दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लष्करी ट्रकांत ड्रायव्हर बसवतो." समोरचा क्षणभर गप्प होतो आणि पावसाचा विषय काढतो. त्याचंही बरोबरच आहे. ट्रक प्लास्टिकचे, माणसं प्लास्टिकची, सगळं खऱ्यापेक्षा पस्तीस पट लहान. ट्रक जोडायला फार अक्कल लागत नाही, कागदावर सुट्या भागांचे आकडे दिलेले असतात. माणसांना आकडे नसतात, त्यामुळे जे काही शिकलो ते त्यांच्याकडूनच.

1. बसलेला माणूस विकत मिळत नाही, निदान हवा तसा तर नाहीच. दुकानातल्या सैनिकांच्या खोक्यावर जो तो पळत असतो, गुडघा टेकून नेम धरत असतो, हातबॉम्ब भिरकावत असतो. माझ्या बेडफर्डला यातला एकही कामाचा नाही. लुटनच्या व्हॉक्सहॉल कारखान्यानं युद्धकाळात सुमारे अडीच लाख बेडफर्ड ट्रक तयार केले. ते चालवणाऱ्या बहुतेकांनी युद्धाचे दिवस पेट्रोल, डबाबंद मांस, तोफगोळे आणि टपाल इकडून तिकडे नेण्यात काढले. उरलेले दिवस पुढची गाडी हलायची वाट बघण्यात. शूर माणूस कुठलीही कंपनी साच्यातून काढून देते, कंटाळलेला माणूस मात्र घरीच करावा लागतो. त्यासाठी मी खंबाटकी घाटाच्या अलीकडे चहाला थांबलो की उभ्या ट्रकांच्या केबिनींकडे बघत बसतो. खिडकीबाहेर आलेला कोपर, स्टिअरिंगवर वरून नुसतं टाकलेलं मनगट, एका बाजूला कललेली मान, आणि शेजारी डॅशबोर्डवर पाय ठेवून घोरणारा क्लीनर. एकदा एका ड्रायव्हरनं खाली वाकून विचारलं, "काय पाहिजे, साहेब?" मी खरं ते सांगितलं, "काही नाही, तुमचा कोपर बघतोय." त्यानं काच वर केली.

2. माप ही गोष्ट आपण लहानपणी अजिबात मनावर घेत नाही, आणि तेच शहाणपणाचं असावं. दिवाळीच्या किल्ल्यावर आमचे महाराज बुरुजापेक्षा उंच असायचे, विहिरीवरची बाई वाड्याच्या छपरावरून पलीकडे बघू शकायची, आणि यात कुणाला काही खटकत नसे. आता मी पट्टी घेऊन बसतो. पावणेसहा फुटी माणूस 1:35 मध्ये पाच सेंटिमीटरचा होतो आणि 1:32 मध्ये साडेपाचचा. ऐकायला अर्धा सेंटिमीटर, पण केबिनीत तो बसला की टोप छताला लागतो. 1:72 आणि 1:76 यांच्यातला फरक जेमतेम एक मिलिमीटरचा. इंग्रजांचा 1:76 चा लळा त्यांच्या खेळातल्या आगगाड्यांतून आला. एअरफिक्सनं आणि मॅचबॉक्सनं युद्धातल्या गाड्या त्याच मापात काढल्या. उभ्या माणसांत हा एक मिलिमीटर खपून जातो, कारण खरी माणसंही कुठं सारखी असतात? पण डोकी आणि तळहात शेजारीशेजारी आले की फसवणूक उघडी पडते. तेव्हा एका केबिनीत एकाच घराण्यातली माणसं बसवावीत, आंतरजातीय प्रयोग ट्रकाच्या मागच्या हौद्यात करावेत.

3. गिअर डाव्या हाताला. हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण बाजारातले बसलेले ड्रायव्हर बहुतेक जर्मन नाहीतर अमेरिकन, डावीकडे बसून उजव्या हातानं गिअर टाकणारे. त्यांना ब्रिटिश ट्रकात उजवीकडे बसवलं की गिअरसाठी पुढं आलेला हात दाराला टेकतो आणि माणूस उतरायच्या तयारीत असल्यासारखा दिसतो. कॅनडातल्या फोर्ड आणि शेवरोले कारखान्यांनी ब्रिटिश नमुन्यावर चार लाखांहून अधिक लष्करी गाड्या बनवल्या. रस्त्याच्या उजव्या अंगानं चालणाऱ्या त्या देशानंही स्टिअरिंग उजवीकडेच ठेवलं, इंग्रजांसाठी. त्यांच्या पुढच्या काळातल्या केबिनीची काच तर वरच्या बाजूनं पुढं झुकलेली, म्हणजे उन्हाची तिरीप विमानातल्या शत्रूला दिसू नये. एवढा विचार करणाऱ्यांनी ड्रायव्हरच्या पायांना मात्र फारशी जागा ठेवली नाही. माझ्या प्लास्टिकच्या माणसाचे गुडघे तिथं अडतात, तेव्हा मी त्याला सांगतो की खऱ्यांचेही अडत होते.

4. बसणं ही फार अवघड क्रिया आहे. उभा माणूस बसवायचा म्हणजे बारीक करवतीनं त्याला कंबरेत कापायचं, जांघेत पाचर काढायची, गुडघ्यामागे खाच पाडायची, मांड्या वळवून पुन्हा चिकटवायच्या आणि फटी बुजवायच्या. परदेशी लोक यासाठी खास लांबी वापरतात. मी नळाच्या जोडाला लावतात तीच एम-सील. दोन रंगांच्या कांड्या मळून एक रंग झाला की हाताशी थोडाच वेळ असतो, तेवढ्यात ओल्या दातकोरणीनं पँटच्या चुण्या पाडून घ्यायच्या. खरी मेख पुढंच आहे. प्लास्टिकला वजन नसतं. माणूस बसतो तेव्हा गादी दबते, मांडी खालून सपाट होते, कोटाची शेपटी मागे गोळा होते. यातलं काही केलं नाही तर तो सीटच्या केसभर वर तरंगतो, साधना करणाऱ्या योग्यासारखा. म्हणून मी माणसाला कधी सीटवर चिकटवत नाही. सीटच घासून त्याच्या आकाराची करतो. लोकांना ते दिसत नाही, फक्त "हा बसलाय" एवढं वाटतं.

5. टोपीवरून तारीख कळते. इंग्रज सैनिकाची तिरपी घडीची टोपी 1943 पर्यंत, नंतर ती फुगीर लोकरी टोपी, कारकुनापासून ड्रायव्हरपर्यंत कुणालाच शोभून न दिसणारी. वाळवंटात खाकी अर्धी चड्डी, युरोपात खरखरीत लोकरीचा आखूड कोट, थंडीत त्यावर बिनबाह्यांचं चामडी जाकीट. जुन्या ट्रकात पुढच्या काळातला माणूस चालतो, उलटं चालत नाही: बेडफर्ड क्यूएल रस्त्यावर आला 1941 मध्ये, तेव्हा त्यात डंकर्कहून परतलेला ड्रायव्हर बसेल, डंकर्कला निघालेला बसणार नाही. आणि डंकर्कच्या माघारीत इंग्रजांनी फ्रान्समध्ये साठ हजारांहून अधिक वाहनं टाकून दिली, त्यातली बरीच जर्मनांनी वापरली. त्यामुळे बेडफर्डमध्ये जर्मन बसवून वर "अभ्यास करा" असं म्हणायची सोय इतिहासानंच करून ठेवली आहे. ती मी जपून ठेवलीय, एखाद्या फार चुका काढणाऱ्या मित्रासाठी.

6. ब्रिटिश ट्रक चालवणारा ब्रिटिशच असेल असं नाही, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि हातात ब्रश धरून समजणं वेगळं. पंचवीस लाख हिंदी सैनिक त्या युद्धात होते. लाल गरुडाचं चिन्ह लावलेली चौथी हिंदी डिव्हिजन वाळवंटात लढली, एरिट्रियात केरेनला लढली. केरेनला मराठा पलटणही होती. इटलीत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ही नावं आपल्याला ठाऊक असतात. पण हिंदी डिव्हिजनांचा दारूगोळा आणि पीठ वाहणारी रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर, तिचे ट्रक आणि तिची खेचरं, यांचं नाव सहसा निघत नाही. बाजारात हिंदी सैनिक म्हणजे पगडीवाला शीख, विषय संपला. मराठा सैनिक इटलीतल्या फोटोंत इंग्रजांसारखाच लोखंडी टोप घालून दिसतो. म्हणजे टोप तोच, कोट तोच, साचा तोच. यॉर्कशरचा कोण आणि साताऱ्याचा कोण, हे ठरवायला चेहऱ्याचा रंग तेवढा उरतो. आणि बाटलीतला अंगाचा तयार रंग गुलाबी. तो अर्थातच चालत नाही. त्यात नुसता तपकिरी मिसळला की माणूस चिखलानं माखल्यासारखा दिसतो. इंग्रजाच्या नाकावर, कपाळावर उजेड दाखवायला पांढऱ्याकडे जाता येतं. आपल्या माणसावर पांढरा टाकला की चेहरा राखेनं माखतो. तांबूस तपकिरी धरावा, उजेडासाठी त्यात पिवळी माती आणि किंचित नारिंगी, सावलीसाठी काळ्याऐवजी गडद लालसर. हे मी कुठं वाचलं नाही. खिडकीत बसून स्वतःच्या मनगटाशी रंग जुळवत गेलो. आत्या आली होती, तिनं विचारलं, "इंग्रजांच्याच गाड्या का रे करतोस?" मी म्हटलं, "आत्या, हा बघ, हा आपलाय." तिनं चष्मा पुसला, भिंग मागून घेतलं आणि बराच वेळ बघून म्हणाली, "गालफडं बसलीत याची. जेवायला घालत नव्हते का?" सावली जास्त झाली होती की तिचंच बरोबर होतं, मला अजून ठरवता आलेलं नाही. चेहरा तसाच ठेवलाय.

7. बायका चालवत होत्या, त्या खोक्यांत फार क्वचित सापडतात. ऑस्टिन के-2 ही रुग्णवाहिका तेरा हजारांहून अधिक बनली; 1958 च्या 'आइस कोल्ड इन अ‍ॅलेक्स' या चित्रपटात तीच गाडी जवळजवळ नायिका आहे. महिलांच्या साहाय्यक दलात अशा गाड्या चालवणाऱ्या आणि खाली झोपून दुरुस्त करणाऱ्या असंख्य मुली होत्या. 1945 मध्ये राजकन्या एलिझाबेथ त्यांतलीच एक झाली. पुरुषाच्या अंगावर बाईचं डोकं बसवून भागत नाही, खांदे चुगली करतात. तेव्हा माझी के-2 सध्या उभी केलेली आहे, ड्रायव्हर चहाला गेल्या आहेत.

8. बूट कुणीच बघत नाही. बंद केबिनीत छातीखालचा माणूस छत चिकटवलं की कायमचा अंधारात जातो. तरी मी रंगवतो. यामागे तत्त्व वगैरे काही नाही, बूट रंगवणं सोपं असतं आणि चेहरा तेवढा वेळ पुढं ढकलता येतो. पहिल्या काळातला बेडफर्ड एमडब्ल्यू मात्र सगळं उघडं करतो: पाऊण टन वाहणारा हा छोटा ट्रक, दारं नाहीत, पुढं दोन लहान काचा, वर कॅनव्हास. त्यात बसलेला माणूस नाडीपासून टोपीपर्यंत दिसतो आणि इंग्लंडच्या पावसात त्याचं काय होत असेल तेही. पावसावरून आठवलं, जुलैत मॅट वार्निशचा फवारा मारू नये. हवेतलं पाणी त्यात अडकतं आणि सगळी पलटण पांढुरकी पडते.

9. सगळी माणसं ट्रकात बसवलीच पाहिजेत असं नाही. वाळवंटात ताफा थांबला की पहिलं काम चहा. चार गॅलनचा पेट्रोलचा पत्र्याचा डबा, इतका पातळ की वाटेतच गळायचा. इंग्रज वैतागून जर्मनांचे भक्कम कॅन पळवायचे आणि शेवटी त्यांनी त्याचीच नक्कल केली. पण रिकामा पातळ डबा कापायला सोपा. अर्धा कापून बाजूंना भोकं पाडायची, आत वाळू, वाळूवर पेट्रोल, ढवळून काडी लावायची, वर दुसऱ्या डब्यात पाणी. याला ते बेंगाझी चूल म्हणत. पहिल्यांदा त्याचा फोटो बघितला तेव्हा डबा कुठंतरी पाहिलाय असं वाटलं आणि लगेच लक्षात आलं, आजोळच्या न्हाणीघरात याच चौकोनी रॉकेलच्या डब्यात पाणी तापायचं. माप शोधायला नकाशा लागला नाही. 1:35 मध्ये तो साडेसहा मिलिमीटर चौरस आणि एक सेंटिमीटर उंच होतो. गोळ्यांच्या पाकिटाची चांदी घडी घालून केला, सुईनं भोकं पाडली, तळाला चाळलेली वाळू. त्याभोवती दोन माणसं उकिडवी बसवली आहेत. उकिडवं बसणं खुर्चीत बसण्यापेक्षा सोपं निघालं, बहुधा ते मला स्वतःला येतं म्हणून. तिसरा उभा आहे, हातात मग. मग जमलाय, त्याचा कान जमत नाही. तांब्याची तार जाड पडते. जुन्या चार्जरची वायर सोलून आतला एकच धागा घेऊन बघणार आहे.