रहीमचाचा

चित्रपट पाहून आल्यावर तुम्ही नायकाचे नाव लगेच सांगता. नायिकेचे आणि खलनायकाचेही सांगता. पण नायिकेचे वडील कोण झाले होते, असे विचारले की तुम्ही अडखळता. "ते म्हातारे, नेहमी असतात ना, ते!" असे उत्तर येते. चेहरा आठवतो, नाव आठवत नाही. अशी कामे करणाऱ्या नटाला मराठीत चरित्र अभिनेता म्हणतात. उर्दूत ज्याला आपण 'किरदार' म्हणतो, त्याला मराठीत 'पात्र' हा शब्द आहे. चरित्र अभिनेता कथेतील अशी लहान लहान पात्रे जिवंत करतो.

अवतार किशन हंगल हे असेच एक नट होते. पडद्यावर त्यांचे नाव ए. के. हंगल असे येई. त्यांनी दोनशेहून अधिक चित्रपटांत कामे केली आणि एकाही चित्रपटात ते तरुण दिसले नाहीत. याचे कारण साधे आहे. ते चित्रपटात आले तेव्हा त्यांच्या वयाची पन्नाशी उलटली होती.

मग त्यापूर्वी ते काय करत होते? कपडे शिवत होते!

हंगल यांचा जन्म १९१४ च्या सुमारास सियालकोट येथे एका काश्मिरी पंडित कुटुंबात झाला. बालपण पेशावरमध्ये गेले. तो काळ स्वातंत्र्यलढ्याचा होता. खान अब्दुल गफार खान यांच्या खुदाई खिदमतगारांनी सारा सरहद्द प्रांत जागा केला होता. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साखानी बाजारात इंग्रज सरकारने निःशस्त्र लोकांवर गोळीबार केला. अशा शहरात वाढलेल्या मुलाच्या मनात सरकारी नोकरीची ओढ कशी राहणार? वडील सरकारी नोकर होते, पण मुलाने शिंपीकाम पत्करले. तुम्ही ज्याला दर्जी म्हणता, तोच मराठीतला शिंपी. दिवसा माप, कातर आणि सुई. संध्याकाळी संगीत आणि नाटक. १९३६ साली पेशावरच्या एका हौशी नाट्यमंडळात ते कामे करू लागले.

पुढे कुटुंब कराचीला गेले. तेथे हंगल यांनी शिंप्यांची संघटना बांधण्याचे काम केले. ते साम्यवादी विचारांचे होते. फाळणीनंतर या विचारांपायी त्यांना कराचीच्या तुरुंगात राहावे लागले. १९४९ मध्ये सुटका झाल्यावर ते मुंबईला आले. जवळ पैसा नव्हता, ओळखी थोड्या होत्या. पण हातात कला होती. शिवणकामावर त्यांनी पुन्हा संसार उभा केला.

मुंबईत त्यांना 'इप्टा' ही नाट्यसंस्था भेटली. ही संस्था १९४३ साली मुंबईतच स्थापन झाली होती. बलराज साहनी, कैफी आझमी यांच्यासारखी माणसे तिच्यात होती. आपल्या महाराष्ट्राचे शाहीर अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांचेही इप्टाशी नाते होते. पुढील काळात इप्टाने पु. ल. देशपांडे यांच्या 'तुझे आहे तुजपाशी' या मराठी नाटकाचे 'शतरंज के मोहरे' हे हिंदी रूपही रंगमंचावर आणले. भाषांच्या भिंती या मंडळींनी फारशा मानल्या नाहीत.

येथे एका शब्दाची गंमत सांगतो. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत नाटकाच्या सरावालाही तालीमच म्हणतात. हंगल यांच्या बाबतीत दोन्ही अर्थ खरे ठरले. वर्षानुवर्षे त्यांनी तालमी केल्या, नाटके केली. तेच त्यांचे शिक्षण होते. रंगमंचावर शेवटच्या रांगेतील माणसालाही शब्द ऐकू जावा लागतो. हंगल यांचा प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येई आणि तरीही ते ओरडत आहेत असे वाटत नसे. त्यांचे उर्दू उच्चार तर तुम्ही अवश्य ऐका.

१९६६ साली 'तीसरी कसम' हा चित्रपट आला आणि हंगल यांचा पडद्यावरचा प्रवास सुरू झाला. पाच-सहा वर्षांत ते घरोघरी ओळखीचे झाले. 'गुड्डी' (१९७१) आणि 'अभिमान' (१९७३) या दोन्ही चित्रपटांत ते जया भादुरी यांचे वडील झाले. वडील, आजोबा, मास्तर, कारकून अशी कामे त्यांच्याकडे येतच राहिली. निर्मात्यांना एक सज्जन म्हातारा हवा असला की हंगल यांना बोलावणे जाई. खरे तर एवढ्या मोठ्या नटाला त्याच त्या साच्यात बसवले गेले, हे बरे झाले नाही. 'शौकीन' (१९८२) या विनोदी चित्रपटात अशोक कुमार आणि उत्पल दत्त यांच्या जोडीला त्यांना थोडे खट्याळ काम मिळाले, तेव्हा प्रेक्षकांना त्यांची वेगळीच बाजू दिसली.

पण काही भूमिकांत त्यांचे स्वतःचे आयुष्य उतरले आहे. हृषीकेश मुखर्जी यांच्या 'नमक हराम' (१९७३) मध्ये ते कामगारांचे पुढारी बिपिनलाल झाले. मालकापुढे ताठ मानेने उभा राहणारा हा पुढारी त्यांना कोणी शिकवावा लागला नसेल. कराचीत ते स्वतः तसे उभे राहिले होते. एम. एस. सथ्यू यांचा 'गर्म हवा' फाळणीनंतरच्या आग्र्याची कथा सांगतो. बलराज साहनी त्यात सलीम मिर्झा हे जोड्यांचे कारखानदार झाले आहेत. त्यांचे नातलग एकेक करून पाकिस्तानात जातात. हंगल मात्र उलट दिशेने आलेल्या माणसाचे काम करतात. सिंधमधून आलेला अजमानी नावाचा हा व्यापारी स्वतः घरदार सोडून आलेला आहे. म्हणून सलीम मिर्झांचे दुःख त्याला समजते. अजमानीचे बोलणे मोजके आहे. पण कराची सोडून आलेला नट ते बोलतो आहे, हे कळल्यावर त्या शब्दांचे वजन वाढते.

जुन्या गावाची ही ओढ त्यांना एकदा महाग पडली. १९९३ साली त्यांना पाकिस्तानात जाऊन आपले जन्मगाव पाहायचे होते. त्यासाठी त्यांनी व्हिसा मागितला आणि वकिलातीच्या निमंत्रणावरून ते मुंबईतील एका समारंभाला गेले. त्या वर्षी मुंबईत दंगलीच्या जखमा ताज्या होत्या. एका राजकीय पक्षाने त्यांच्यावर बहिष्कार पुकारला. त्यांची दृश्ये चित्रपटांतून काढून टाकण्यात आली. सुमारे दोन वर्षे त्यांना काम मिळेना. ऐंशीच्या घरात पोचलेला, स्वातंत्र्यलढ्यात वाढलेला हा माणूस घरी बसून राहिला.

नंतर दिवस पालटले. 'लगान' (२००१) मध्ये ते शंभूकाका झाले. कच्छमधील चित्रीकरणाच्या वेळी त्यांना पडून दुखापत झाली होती, तरी त्यांनी आपले काम पुरे केले. २००६ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. मात्र लहान भूमिकांचे मानधनही लहानच असते. २०११ मध्ये औषधोपचारांचा खर्च त्यांना झेपेना. ही बातमी छापून आल्यावर चित्रपटसृष्टीतील काही लोकांनी व सरकारने मदत केली. पुरस्कार मिळाला म्हणजे पोट भरते, असे नाही. २०१२ मध्ये चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी एका दूरदर्शन मालिकेत छोटेसे काम केले. इप्टाचे ते राष्ट्रीय अध्यक्षही होते. २६ ऑगस्ट २०१२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

'शोले'बद्दल अजून काहीच सांगितले नाही, असे तुम्ही म्हणाल. ते मुद्दाम शेवटी ठेवले. १९७५ च्या या चित्रपटात हंगल हे रामगढचे अंध इमाम, म्हणजे रहीमचाचा आहेत. त्यांचा मुलगा अहमद हे काम आपल्या सचिन यांनी केले आहे. नोकरीसाठी परगावी निघालेल्या अहमदला गब्बरसिंग मारून टाकतो. घोड्यावरून त्याचे प्रेत गावात येते. सारे गाव गप्प होते. त्या अंध बापाला फक्त शांतता ऐकू येते आणि सगळे एकाएकी गप्प का झाले, असे तो विचारतो. कोणी उत्तर देत नाही. मग तो हातांनी चाचपून आपल्या मुलाला ओळखतो.

घाबरलेले गावकरी जय आणि वीरू यांना गावाबाहेर काढायला निघतात. तेव्हा रहीमचाचाच त्यांना थांबवतो. मुलाचा जनाजा बापाने खांद्यावर उचलण्याहून जड ओझे कोणते, असे तो विचारतो. गावासाठी कुर्बान करायला आणखी मुले का दिली नाहीस, असे आपण अल्लाहला विचारू, असेही सांगतो. हंगल यांनी हे सारे अगदी हळू आवाजात म्हटले आहे. अमिताभ बच्चन, धर्मेंद्र, संजीव कुमार हे मोठे नट जवळच उभे असतात, पण आपले लक्ष त्यांच्याकडे जात नाही. तेवढ्यात अझान ऐकू येते. नमाजाची वेळ झाली म्हणून म्हातारा मशिदीच्या दिशेने चालू लागतो.