विमा आणि घोडेस्वारी : एकोणिसाव्या शतकातील कलकत्त्याची दोन मोजमापे

एकोणिसाव्या शतकातील बंगाली प्रबोधनाचा विचार करताना आपण सामान्यतः ग्रंथ, नियतकालिके, सभा आणि शाळा यांच्यापाशी थांबतो. परंतु त्याच काळात कलकत्त्यात अशाही काही व्यवहारांनी मूळ धरले होते, की ज्यांचे पडसाद साहित्यात उमटले असूनही त्यांची दखल सहसा घेतली जात नाही. आयुर्विमा आणि घोडेस्वारीचे शिक्षण हे त्यांपैकी दोन होत. वरवर पाहता त्यांचा परस्परांशी काही संबंध नाही. तथापि दोहोंतही देशी माणसाच्या देहाची पारख होत होती. हा देह किती काळ टिकेल, हा विम्याचा प्रश्न. तो राज्य चालविण्यास लायक आहे काय, हा घोडेस्वारीचा. या दोन मोजमापांच्या प्रकाशात ठाकूर घराण्यातील एक प्रसिद्ध आठवण पुन्हा वाचण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम विमा. ओरिएंटल लाइफ इन्शुरन्स कंपनी १८१८ साली कलकत्त्यात स्थापन झाली, ती प्रामुख्याने येथील युरोपीयांसाठी. पुढे विदेशी कंपन्या भारतीयांचे विमे उतरवू लागल्या, तेव्हाही देशी आयुष्य कमी भरवशाचे मानून त्यावर जादा हप्ता आकारला जाई. भारतीयांचा विमा सर्वसामान्य दराने उतरविण्याचा पायंडा १८७०-७१ च्या सुमारास मुंबईत निघालेल्या बॉम्बे म्युच्युअल या संस्थेने पाडला. म्हणजे समतेचा जो प्रश्न सभांतून आणि वृत्तपत्रांतून मांडला जात होता, तोच विम्याच्या दरपत्रकात रुपये-आण्यांच्या भाषेत उपस्थित होता.

कलकत्त्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू होती. १८७२ मध्ये हिंदू फॅमिली अ‍ॅन्युइटी फंड निघाला. त्याच्या स्थापनेत ईश्वरचंद्र विद्यासागरांचा पुढाकार होता. कर्त्या पुरुषाने हयातीत वर्गणी भरावी आणि त्याच्या पश्चात विधवेला व आश्रितांना दरमहा ठराविक रक्कम मिळावी, अशी ही योजना होती. १८५६ च्या विधवाविवाह कायद्यासाठी झटलेल्या विद्यासागरांना केवळ कायद्याने विधवेचा निर्वाह होत नाही, याची जाणीव झाली असली पाहिजे. मात्र या हिशेबात स्त्रीचे स्थान लाभार्थिनीचे आहे. पुरुषाच्या मृत्यूनंतरच तिचे नाव खात्यावर येते.

घोडेस्वारीचे मोजमाप याहून उघड होते. मेकॉलेने १८४१ मधील वॉरन हेस्टिंग्जवरील निबंधात बंगाली माणसाच्या दुबळ्या देहाचे जे चित्र रंगविले, ते सुशिक्षित बंगाल्यांच्या मनात दीर्घकाळ सलत राहिले. सनदी नोकरीसाठी घोडेस्वारीची परीक्षा सक्तीची होती. १८९० साली लेखी स्पर्धापरीक्षेत यशस्वी झालेले अरविंद घोष १८९२ मध्ये याच कारणाने त्या नोकरीला मुकले. अशा परिस्थितीत घोड्यावर मांड ठोकणे हा निव्वळ छंद राहत नाही; ते एका आरोपाला दिलेले उत्तर ठरते.

ज्योतिरिंद्रनाथ ठाकुरांची आठवण या पार्श्वभूमीवर पाहावी. १८७२ साली ‘किंचित जलयोग’ या प्रहसनात नव्या स्त्रीस्वातंत्र्याची थट्टा करणारा हा लेखक पुढे स्वतःच त्या स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता झाला. गंगाकाठच्या बागेतील मुक्कामात त्याने पत्नीला, कादंबरीदेवींना, घोडेस्वारी शिकविली. नंतर जोडासाँकोहून मैदानापर्यंत दोघे दोन अरबी घोड्यांवरून शेजारी शेजारी जात, मोकळ्या जागी घोडे भरधाव सोडीत, आणि पाहणारे थक्क होत. हे सारे ज्योतिरिंद्रनाथांनी उतारवयात, आपली ‘जीवनस्मृती’ सांगताना नमूद केले आहे.

येथे एक मराठी दाखला उद्बोधक ठरेल. त्याच पिढीत आनंदीबाई जोशी पतीसह कलकत्ता व श्रीरामपूर येथे राहत होत्या. रस्त्याने पायी जाताना लोक आपल्याकडे कसे टक लावून पाहतात आणि टिंगल करतात, हे त्यांनी १८८३ मधील श्रीरामपूरच्या भाषणात सांगितले. ठाकूर घराण्याच्या सुनेला पाहून लोक विस्मित होतात आणि टपालखात्यातील एका परप्रांतीय नोकराच्या पत्नीला पाहून हसतात. हा फरक घोडा आणि पायी चाल यांचाच नव्हे. प्रतिष्ठेचे कवच कोणाला होते, याचाही आहे. पण दुसरा फरक अधिक महत्त्वाचा. आनंदीबाईंचा अनुभव त्यांच्या स्वतःच्या शब्दांत आपल्यापुढे येतो. कादंबरीदेवींचा मात्र येत नाही.

एप्रिल १८८४ मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्यांनी आत्महत्या केली. घोड्यावर बसताना भीती वाटली की आनंद, लगाम हाती आल्यावर काय उमगले, याविषयी त्यांचा एकही शब्द उपलब्ध नाही. शिकविणाराच निवेदक आहे, आणि निवेदन घटनेनंतर कित्येक दशकांनी झाले आहे. तेव्हा हा प्रसंग स्त्रीमुक्तीचा पुरावा म्हणून उद्धृत करताना, तो मुख्यतः एका पुरुषाच्या मतपरिवर्तनाचा पुरावा आहे, याचे भान ठेवावे लागते.

पुढे लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ बंगालीत आणणारे ज्योतिरिंद्रनाथ मराठी अभ्यासकांना परके नाहीत. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न साधनांच्या स्वरूपाचा आहे. विम्याच्या वहीत देशी पुरुषाची किंमत कमी लागली, पण लागली. त्याला ती वाढवून मागता आली. अश्वपरीक्षेत तो नापास झाला, तरी त्याची नोंद राहिली. स्त्री एका खात्यात विधवा म्हणून येते, दुसऱ्यात शिष्या म्हणून. भारतीय साहित्यांचा तौलनिक अभ्यास करताना आत्मचरित्रांकडे वळावे ते या रिकाम्या रकान्यांसह. ते आपल्या कल्पनेने भरून टाकण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे.