लोणारचे तळे आणि आपले वावर



गळीत हंगाम आटोपल्यावर आम्ही काही सभासदांना घेऊन बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला जाऊन आलो. गाव आपल्या वऱ्हाडातलेच, पण पुष्कळांनी पाहिलेले नसते. म्हणून ही माहिती देत आहोत.

लोणारचे तळे म्हणजे काळ्या पाषाणात उल्का आदळून पडलेला खड्डा होय. त्याची रुंदी सुमारे १.८ किलोमीटर व खोली दीडशे मीटरच्या आसपास आहे. पूर्वी याला ज्वालामुखीचे तोंड समजत. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने उल्केची गोष्ट पक्की झाली. आईन-इ-अकबरीतही येथील खाऱ्या पाण्याचा उल्लेख आहे. लवणासुराला विष्णूने येथे मारले, अशी कथा सांगतात. गावातील दैत्यसूदनाचे कोरीव देऊळ त्याच कथेचे. काठावर गोमुखाची धार गोड्या पाण्याची आहे, आणि खाली तळ्याकाठी कमळजादेवीचे ठाणे आहे. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तसे घडल्याचे तपासणीत आढळले. त्याच वर्षी तळ्याला रामसर पाणथळ म्हणून जागतिक मान्यता मिळाली.

आता प्रश्न असा की, धार गोडी, पाऊसही गोडा, मग तळे खारे कसे? कारण सोपे आहे. पाणी आत येते, पण बाहेर जायला वाट नाही. ते उन्हाने उडून जाते आणि त्यासोबत आलेला क्षार मागे राहतो. असे हजारो वर्षे चालले, म्हणून तेथील पाण्याचा सामू १० च्या आसपास गेला.

काठावरचा पांढरा थर पाहून एक सभासद म्हणाले, "साहेब, उन्हाळ्यात माह्या वावरातबी असाच थर येते." आमच्या मते सहलीचे सार त्यातच आले. पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे अमरावती, अकोला व बुलढाण्याच्या कितीतरी गावांत, माती चिकण, निचरा कमी आणि विहिरीचे पाणी खारे. त्यावर उसाला पाटाने भरपूर पाणी सोडले की वावराचे लहानसे लोणारच होते. लोणारला हजारो वर्षे लागली. वावर चोपण व्हायला थोडी वर्षे पुरतात. मग बेणे उगवत नाही आणि खोडवा पिवळा पडतो.

यावर उपाय आपल्या हाती आहे. धुऱ्याच्या उतारावर चर काढून पाण्याला वाट द्यावी. पाणी मोजून द्यावे. लागवडीआधी ताग किंवा धैंचा गाडावा. जिप्सम मात्र माती परीक्षणानंतरच टाकावे. चराशिवाय त्याचा पैसा वाया जातो.

लागवडीपूर्वी प्रत्येक सभासदाने वावरातील माती व विहिरीचे पाणी यांचा नमुना गट कार्यालयात आणून द्यावा, ही विनंती. लोणार पाहायला अवश्य जावे. ते आपल्या वावरात मात्र येऊ देऊ नये.