आंबट किती प्रकारचं? (चेरीच्या एका बाटलीच्या निमित्ताने)

मराठीत ‘आंबणे’ हे क्रियापद मोठं सोयीचं आहे. इडलीचं पीठ आंबलं की आई खूश होते आणि मेसची डाळ आंबली की आपण मेस सेक्रेटरीला गाठतो. क्रिया साधारण तीच, जिवाणूही बरेचसे त्याच कुळातले; पण एकीकडं कौतुक आणि एकीकडं तक्रारवही. केमिकल विभागात शिकवताना मला ही गंमत बरीच वर्षं खुणावत होती. गेल्या दिवाळीत संगमनेरला एका माजी विद्यार्थ्याच्या घरी एक बाटली उघडली गेली, आणि लिहायला निमित्त मिळालं. बाटली बीअरची होती, हे आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्रात बीअर प्यायला २१ वर्षं पूर्ण लागतात, परवाना लागतो, आणि हॉस्टेलच्या आवारात हे दोन्ही असून उपयोग नाही. तेव्हा या लेखातला हॉस्टेलवर करायचा प्रयोग पाण्याचा आहे, तो शेवटी देतो.

आधी आपल्या जिल्ह्याकडं येऊ. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. मग प्रवरा-गोदावरीच्या पट्ट्यात कारखाने वाढत गेले. साखरेमागून मळी आली, मळीमागून डिस्टिलरी आली. आपली मुलं इन-प्लांट ट्रेनिंगला तिथंच जातात. अशाच एका डिस्टिलरीत (नाव नको) मी एक बॅच घेऊन गेलो होतो. तिथल्या केमिस्टने फर्मेंटरमधून बीकरमध्ये नमुना काढला, नाकाजवळ नेला आणि म्हणाला, “ही टाकी आंबली.” लॅबचा आकडा यायला अजून वेळ होता. मुलं माझ्याकडं बघायला लागली. आंबवण्याच्या टाकीत आंबलं म्हणजे नक्की काय बिघडलं?

बिघडलं ते असं. यीस्ट १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड करतं. म्हणजे किलोभर ग्लुकोजमागे कागदावर ५११ ग्रॅम, साधारण ६५० मिलिलिटर अल्कोहोल. लॅक्टोबॅसिलस टाकीत शिरला की तीच साखर तो लॅक्टिक ॲसिडकडं वळवतो. शुद्ध लॅक्टिक मार्गाने किलोची किलोभर. ते अल्कोहोल कायमचं गेलं. शिवाय तयार झालेलं ॲसिड यीस्टलाही त्रास देतं, त्यात ॲसिटिक तर जास्तच. म्हणून तिथं वॉशचा पीएच खाली ठेवतात, यीस्टला ॲसिडची अंघोळ घालतात, टाक्या घासतात, प्रसंगी अँटिबायोटिकही वापरतात. लाखो लिटरच्या टाकीत दोन टक्के साखर चुकीच्या वाटेला गेली तर काय होतं, हे गणित प्रत्येकाने एकदा वहीत करून पाहावं. त्या केमिस्टचं नाक कारखान्याला किती पैसे वाचवतं, ते मग समजतं.

आता ती बाटली. ब्रुसेल्समध्ये १९०० साली सुरू झालेल्या ‘कँटिलॉन’ या ब्रुअरीची ‘क्रीक’, म्हणजे आंबट चेरी घालून लाकडी पिंपात मुरवलेली आंबट बीअर. आपल्या डिस्टिलरीत ज्या पाहुण्यांना दारातून हाकलतात, त्यांना हे लोक खिडकी उघडून आत बोलावतात! जव आणि कच्चा गहू यांचा उकळलेला काढा एका उथळ, उघड्या तांब्याच्या पात्रात रात्रभर गार होऊ देतात. हवेतले, छपराचे, लाकडाचे जे जंतू पडतील ते पडतील. हे काम फक्त थंडीच्या महिन्यांत चालतं, कारण उन्हाळ्यात नको ते जंतू फार. हॉप्सही मुद्दाम जुने वापरतात, कारण कडूपणा नको असतो, फक्त टिकाऊपणा हवा असतो. सकाळी काढा पिंपात जातो आणि तिथं एक ते तीन वर्षं राहतो.

पिंपात पाळ्या लागतात. सुरुवातीचे काही आठवडे आतड्यातल्या जंतूंचे नातेवाईक (तेव्हा वास वाईट असतो), मग आपलं ओळखीचं यीस्ट, मग काही महिन्यांनी पेडिओकॉकस, म्हणजे आपल्या लॅक्टोबॅसिलसचा चुलतभाऊ. तो लॅक्टिक ॲसिड करतो, आणि काही काळ बीअर चक्क तारेसारखी चिकट होते. शेवटी ब्रेटानोमायसिस नावाचं सावकाश चालणारं यीस्ट येतं. ते हा चिकटपणा खातं आणि उरलेली अवघड साखरही संपवतं. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या क्लाउसेनने १९०४ साली जुन्या इंग्लिश बीअरमधल्या या यीस्टचं वर्णन केलं, म्हणून नावात ‘ब्रेट’. लाकडातून थोडा थोडा प्राणवायू आत झिरपतो आणि तो ब्रेटला मानवतो. तो जास्त झाला की ॲसिटिकवाले जिवाणू माजतात आणि सगळ्याचं व्हिनेगर होतं. म्हणजे पिंप हे केवळ भांडं नाही, ती प्राणवायूची बारीक तोटी आहे. दीड-दोन वर्षांच्या अशा बीअरमध्ये मग लिटरला दोनशे ग्रॅमच्या आसपास अख्ख्या चेरी, बियांसकट, पडतात. चेरीतली साखर जंतू खाऊन टाकतात. फळ राहतं, गोडी जाते.

२००९ साली पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाल्यापासून मायक्रोब्रुअरी आपल्याकडंही आल्या. हल्ली ज्या झटपट आंबट बीअर निघतात, त्यांत बहुधा एक-दोन दिवस लॅक्टोबॅसिलस वाढू देऊन मग उकळून मारतात. ते ताकासारखं सरळ आंबट. वाईट नाही, पण एकसुरी.

तर आम्ही चौघं बसलो. मोठे काचेचे ग्लास, प्रत्येकाला जेमतेम पन्नास मिलि, बाटली फ्रिजमधून काढून पंधरा मिनिटं बाहेर ठेवलेली, कारण फार गार असेल तर वासच येत नाही. शेजारी पाणी आणि कोरडी भाकरी. नियम एकच: प्रत्येकाने आधी कागदावर लिहायचं, मग बोलायचं. हा नियम मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पहिला माणूस मोठ्याने “चेरी!” म्हणाला की उरलेल्या तिघांना चेरीच लागते.

रंग डाळिंबाच्या रसासारखा. फेस गुलाबी, पण बघता बघता बसला. ग्लास न हलवता पहिला वास घेतला तर फळ नव्हतंच. माझ्या कागदावर ‘ओलं कातडं’ आलं. शेतकरी घरातल्या आमच्या मित्राने ‘गोठा’ लिहिलं आणि पुण्यात वाढलेल्याने ‘जखमेची चिकटपट्टी’. तिघंही बरोबर! ब्रेट जे ४-इथाइल फिनॉल बनवतं, त्याचं वर्णन जगभर याच शब्दांत होतं. नाक एकच रेणू पकडतं, शब्द मात्र ज्याच्या त्याच्या लहानपणातून येतो. ग्लास फिरवल्यावर चेरी आली, तिच्यामागून कडू बदामासारखा वास (तो बियांचा, बेन्झाल्डिहाइडचा), आणि अगदी टोकाला नेलपॉलिश रिमूव्हरची पुसटशी झाक. हा इथाइल ॲसिटेट. कोपरगाव तालुक्यात साकरवाडीला गोदावरी बायोरिफायनरीजमध्ये हाच पदार्थ इथेनॉलपासून मोठ्या प्रमाणावर तयार होतो, तिथं गेलेल्यांना ओळखायला अडचण नाही. चिमूटभर असेल तर वासाला धार येते, जास्त असेल तर बाटली फेकायची.

मग घोट. इथं शाळेच्या पुस्तकातला तो जिभेचा नकाशा (टोकाला गोड, कडेला आंबट वगैरे) विसरा. १९०१ सालच्या एका जर्मन निबंधाच्या आलेखावरून पुढं झालेला तो गैरसमज आहे. सगळ्या चवी जिभेवर जिथं चव घेणाऱ्या पेशी आहेत तिथं सगळीकडं कळतात. आंबटपणा म्हणजे हायड्रोजन आयन पेशीत शिरणं, आणि तो कोणत्या दारातून शिरतो (त्याचं नाव ओटॉप-१) हे २०१८-१९ मध्ये कुठं पक्कं झालं. म्हणून आम्ही जागा लिहिली नाही, वेळ लिहिली. पहिल्या सेकंदाला आंबट, झणझणीत नाही, दह्याच्या निवळीसारखं गोलसर: लॅक्टिक. मग फळ आलं, पण साखरेशिवाय, आणि हे मेंदूला पटतच नाही. चेरी म्हटल्यावर तो गोडाची वाट बघत बसतो. मग हिरड्यांवर तुरटपणा, फळाचा आणि लाकडाचा. शेवटी गिळल्यावर घशात हलकी ऊब आणि नाकात व्हिनेगर: ॲसिटिक. लॅक्टिक वाफ होऊन नाकात येत नाही, ॲसिटिक येतं. दोघांतला फरक करायचा सगळ्यांत सोपा मार्ग हाच. त्या केमिस्टने बीकर तोंडाला न लावता निदान केलं, ते याच जोरावर.

आणखी एक. पीएच मीटर सांगतं ते आंबटपण नव्हे. अशा बीअरचा पीएच ३.३ ते ३.५ असतो, साध्या बीअरचा ४.२ च्या पुढं. पण त्याच पीएचला नेलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड कमी आंबट लागतं आणि ॲसिटिक जास्त, कारण दुबळ्या ॲसिडचा न सुटलेला साठा मोठा असतो आणि तोंडातल्या लाळेशी तो झुंजत राहतो. टायट्रेशन का शिकवतात असं विचारणाऱ्या सेकंड इयरवाल्यांनी याची नोंद घ्यावी.

मला विचाराल तर ती बीअर उत्तम होती, पण अर्धा ग्लास पुरे. चौघांपैकी एकाला मुळीच आवडली नाही. त्याच्या कागदावरच्या नोंदी मात्र सर्वांत नेमक्या होत्या. आवडणं आणि ओळखणं वेगळं.

या उपकरणाला मर्यादाही आहे, आणि ती आपल्या जिल्ह्याने फार महागात पाहिली. फेब्रुवारी २०१७ मध्ये नगर तालुक्यातल्या पांगरमल गावात विषारी दारूने अनेकांचे जीव गेले. मिथेनॉल इथेनॉलमध्ये मिसळलेलं असेल तर चवीने किंवा वासाने ते कळत नाही. सराईत माणसालाही नाही, केमिस्टलाही नाही. तिथं गॅस क्रोमॅटोग्राफच लागतो. ‘मी वासावरून सांगतो खरी की खोटी’ म्हणणारा कोणी भेटला तर त्याचं ऐकू नका, आणि तो ग्लास हातात घेऊ नका.

आता प्रयोग. किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड (लिंबूसत्त्व) एक ग्रॅम एक लिटर पाण्यात. दुसऱ्या लिटरमध्ये चार टक्क्यांचं साधं खाण्याचं व्हिनेगर २० मिलि. तिसऱ्या भांड्यात दह्याची गाळलेली निवळ, चव दिसेल इतपत पातळ. चौथ्यात चिंचेचं गाळलेलं पाणी, म्हणजे टार्टरिक. आधी नावं वाचून चाखा, नाक मोकळं ठेवून आणि नाक चिमटीत धरून, असं दोनदा. व्हिनेगरचं काय होतं ते बघा. दोन दिवसांनी डोळे बांधून कोणतीही दोन घ्या आणि तीन कप भरा, दोन सारखे, एक वेगळा. कुठला कप कोणत्या जागी हे चिठ्ठी टाकून ठरवा. वेगळा कोणता, एवढंच सांगायचं. नुसत्या अंदाजाने तिघांत एक बरोबर येतोच, म्हणून बारा जण बसवले तर किमान आठ बरोबर यायला हवेत, तरच फरक खरोखर कळला म्हणता येईल. सात आले तर पुन्हा करा; आणि रात्रीच्या जेवणात ठेचा असेल तर त्या दिवशी करूच नका.