टांग्याचा तोल

१९८९ सालची गोष्ट. मी नऊ वर्षांचा होतो. आई, वडील, मामा आणि मी परळीच्या स्टेशनावर उतरलो. बाहेर टांगे उभे होते. वडील शिक्षक, त्यामुळे ओळख असो वा नसो, सगळे त्यांना मास्तर म्हणत. टांगेवाल्याने आधी आम्हा सर्वांकडे आणि मग आमच्या पत्र्याच्या ट्रंकेकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "मास्तर, तुमी म्होरं या माझ्यापाशी. बाई अन् पाव्हनं मागं. ट्रंक म्होरं पायापाशी राहू द्या." मामांना पुढे बसून गाव पाहायचे होते. ते थोडे हिरमुसले; पण टांगेवाल्याने त्यांचे काही ऐकले नाही.

वाटेत एका ओढ्यावरून वर येणारा चढ लागला. टांगेवाला खाली उतरला, त्याने घोड्याच्या तोंडाशी लगाम धरला आणि हाक दिली, "मागची मंडळी आधी उतरा." वडिलांना वाटले, आपणही मदत करावी. त्यांनी पुढून झटकन उडी मारली. त्याच क्षणी टांग्याच्या दांड्या आभाळाकडे निघाल्या. पोटाखालचा पट्टा घोड्याला करकचून रुतला, त्याचे पुढचे पाय रस्त्यावर घसरू लागले, आणि मी मागच्या बैठकीवरून थेट धुळीत पडलो. टांगेवाल्याने सगळे अंग एका दांडीवर टाकले तेव्हा कुठे टांगा खाली आला. मला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. घोडा मात्र बराच वेळ थरथरत होता. टांगेवाला त्याच्या मानेवरून हात फिरवत एवढेच म्हणाला, "म्या काय सांगितलं व्हतं? मागची आधी."

आमच्याकडे अशा प्रसंगाला 'गाडी उलाळली' म्हणतात. बैलगाडीत मागे कडबा जास्त भरला तरी गाडी अशीच उलाळते. पुढे मी भौतिकशास्त्र शिकलो आणि शिकवू लागलो, तेव्हा ध्यानात आले की त्या टांगेवाल्याने आम्हाला जागा वाटून दिल्या तेव्हा तो परिबलांचे उदाहरण सोडवत होता. ते उदाहरण आज आपणही सोडवू या. वहीत दोन चाकांचा टांगा काढा, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल.

टांगा म्हणजे एक तरफ आहे. चाकांचा आस हा तिचा टेकू. आसाच्या पुढे जे वजन असेल ते दांड्या खाली दाबते; मागे असेल ते दांड्या वर उचलते. दांड्यांची पुढची टोके घोड्याच्या पाठीवरील खोगिराला अडकवलेली असतात आणि पोटाखालून पट्टा गेलेला असतो. दांड्या खाली दाबल्या तर तो भार घोड्याच्या पाठीवर येतो. वर उचलल्या गेल्या तर पोटाखालचा पट्टा घोड्याला वर ओढतो. घोड्याने फक्त ओढायचे असते अशी आपली समजूत असते. पण दोन चाकांच्या गाडीत तो ओढतो आणि तोलही धरतो.

आता आकडे घेऊ. हे आकडे मी हिशेब सोपा व्हावा म्हणून ठरवले आहेत. तुम्हाला खरा टांगा मिळाला तर टेप लावून मोजून घ्या. रिकामा टांगा १८० किलोग्रॅमचा, त्याचा गुरुत्वमध्य आसाच्या १० सेंटिमीटर पुढे. पुढची बैठक आसापासून ३५ सेंटिमीटर पुढे, मागची ४५ सेंटिमीटर मागे. प्रत्येक माणूस ६० किलोग्रॅमचा. आसापासून खोगिरापर्यंतचे अंतर २ मीटर. (ट्रंक आणि मी, दोघांनाही हिशेबातून वगळले आहे.)

टांगेवाला आणि वडील पुढे, आई आणि मामा मागे, अशी आमची बैठक होती. पुढच्या बाजूचे परिबल: टांग्याचे १८० × ०.१० = १८, दोन माणसांचे १२० × ०.३५ = ४२, एकूण ६० किलोग्रॅम-मीटर. मागच्या बाजूचे: १२० × ०.४५ = ५४. फरक ६ उरला. याला २ मीटरने भागा. घोड्याच्या पाठीवर भार आला फक्त ३ किलोग्रॅम! टांगा आणि चार माणसे मिळून ४२० किलोग्रॅमचे ओझे आहे, आणि घोड्याच्या पाठीवर जेमतेम एका दप्तराइतका भार आहे. बाकी सगळे ओझे चाकांनी जमिनीवर टाकले.

समजा मामांचा हट्ट चालला असता आणि पुढच्या बैठकीवर तिघे बसले असते, मागे एकटी आई. पुढे १८ + ६३ = ८१, मागे २७. फरक ५४, म्हणजे पाठीवर २७ किलोग्रॅम. तेच टांगेवाला एकटा पुढे आणि मागे तिघे असते, तर पुढे १८ + २१ = ३९ आणि मागे ८१. फरक ४२, पण उलट्या दिशेने: पट्टा २१ किलोग्रॅम बलाने घोड्याला वर ओढणार. टांगा तोच, माणसे तीच, एकूण वजनही तेच. बदलले फक्त बसण्याचे ठिकाण, आणि घोड्याचे सुखदुःख त्यावर ठरले. पाठीवरचा भार अगदी शून्य असणेही बरे नाही, कारण मग घोडा दुडक्या चालीने निघाला की दांड्या सारख्या वरखाली आपटतात. थोडा भार हवा, पण थोडाच.

आता चढाकडे वळू. टांग्याचा आणि माणसांचा मिळून गुरुत्वमध्य आसापेक्षा उंच असतो; आपण ४० सेंटिमीटर धरू. दहा मीटर चालल्यावर एक मीटर उंची गाठणारा चढ लागला की सगळा टांगा मागे कलतो आणि हा गुरुत्वमध्य ४० चा दहावा हिस्सा, म्हणजे ४ सेंटिमीटर मागे सरकतो. चार सेंटिमीटर म्हणजे बोटभर अंतर; पण ४२० किलोग्रॅम बोटभर सरकले की परिबलात जवळजवळ १७ चा फरक पडतो. सपाटीवर पुढच्या बाजूला ६ शिल्लक होते, ते संपून मागच्या बाजूला ११ जमा झाले. पाठीवर असलेला ३ किलोग्रॅम भार गेला आणि पट्टा साडेपाच किलोग्रॅमने वर ओढू लागला. म्हणूनच चढावर टांगेवाले बैठक सोडून दांडीवर येऊन बसत. तो आसापासून ३५ सेंटिमीटरवर होता, तो ९० सेंटिमीटरवर गेला, तर पुढच्या बाजूचे परिबल ३३ ने वाढते. टांगा पुन्हा तोलात येतो. लहानपणी मला वाटे, ऐट म्हणून बसतो तो दांडीवर.

उतारावर याच्या उलट घडते, हे तुम्ही आता स्वतःच काढू शकाल.

आमचा अपघात कसा झाला तेही पाहा. टांगेवाला उतरला, वडीलही उतरले. पुढे उरले टांग्याचे १८. मागे आई आणि मामांचे ५४. त्यात चढामुळे १२ ची भर. फरक ४८, म्हणजे २४ किलोग्रॅमचा उचलणारा जोर. शिवाय एकदा दांड्या वर निघाल्या की टांगा आणखी मागे कलतो, गुरुत्वमध्य आणखी मागे जातो, जोर आणखी वाढतो. अशा तोलाला अस्थिर तोल म्हणतात. 'मागची आधी' या दोन शब्दांत हे सगळे भरलेले होते.

इंग्लंडमध्ये घोडागाडी हाकणे हा हौशी लोकांचा खेळ आहे. तेथील ब्रिटिश ड्रायव्हिंग सोसायटी १९५७ साली स्थापन झाली. राणी एलिझाबेथचे पती प्रिन्स फिलिप हे १९६४ ते १९८६ या काळात आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाचे अध्यक्ष होते. त्यांच्याच पुढाकाराने १९७० च्या सुमारास या स्पर्धांचे नियम तयार झाले. स्पर्धेचे तीन भाग असतात: घोड्याची शिस्तबद्ध चाल, दूरच्या वाटेवरची अडथळ्यांची दौड, आणि शंकूंच्या जोड्यांमधून गाडी काढणे. दोन शंकूंमधले अंतर गाडीच्या रुंदीपेक्षा थोडेच जास्त असते, आणि प्रत्येक शंकूवर एक चेंडू ठेवलेला असतो. चाक लागले, चेंडू पडला, की गुण गेले. पण दोन चाकांची गाडी हाकणाऱ्याला शर्यतीच्या आधी दांड्यांचा तोल पाहावाच लागतो. तिकडच्या काही जुन्या दुचाकी गाड्यांची बैठकच पुढेमागे सरकवता येत असे. आपल्या टांग्याला ती सोय नव्हती, म्हणून टांगेवाला बैठकीऐवजी माणसे सरकवत असे!

तोल साधला तरी ओढणे उरतेच. चांगल्या डांबरी रस्त्यावर सरळ जाताना वजनाच्या सुमारे पन्नासाव्या हिश्श्याइतके बल लागते असे धरू. ४२० किलोग्रॅमसाठी ते साडेआठ किलोग्रॅम होईल. तासाला १० किलोमीटर वेगाने हे काम करायला सुमारे २३० वॉट शक्ती लागते, म्हणजे पाव अश्वशक्तीहून थोडी जास्त. (एक अश्वशक्ती ७४६ वॉट, हे तुम्हाला पाठ असेलच.) घोड्याला हे काहीच नाही. पण दहास एक चढ आला की त्यात वजनाचा दहावा हिस्सा, ४२ किलोग्रॅम, मिळवावा लागतो. ओढ साडेआठवरून पन्नासवर गेली, सहापट झाली. घोड्याने दिवसभर सुखाने ओढावे असे बल त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास मानतात. तीनशे किलोग्रॅमच्या तट्टाला ते ३० किलोग्रॅम पडते. पन्नास तो ओढेल, पण थोडाच वेळ, आणि छाती फुटेस्तोवर.

रस्त्यात धोंडा आला तर चाकाचा आकार महत्त्वाचा ठरतो. चाकावर २०० किलोग्रॅम भार आहे आणि समोर ५ सेंटिमीटर उंचीचा दगड आहे. दगडाच्या कडेभोवती परिबले घेतली तर असे दिसते, की ६० सेंटिमीटर त्रिज्येचे चाक हळूहळू वर चढवायला आसाशी ८७ किलोग्रॅमचे आडवे बल लागते. ३० सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाला १३३. टांग्याची चाके उगाच मोठी नसत. हवा भरलेले टायर तर बारीक खडे पोटात घेऊनच पुढे जाते, चाकाला वर चढावेच लागत नाही.

गंमत अशी, की हे सगळे भौतिकशास्त्र आपल्या कायद्यातही आले आहे. ओझी वाहणाऱ्या जनावरांचा छळ थांबवण्यासाठी केंद्र सरकारने १९६५ साली नियम केले. दोन चाकांच्या गाडीला हवेची टायरे असतील तर घोड्यासाठी ७५० किलोग्रॅम, नसतील तर ५००. तट्टासाठी ६०० आणि ४००, गाडीचे वजन धरून, अशी त्यात मर्यादा आहे. चालक आणि सहा वर्षांखालील मुले सोडून चारांपेक्षा जास्त माणसे बसवायची नाहीत. आणि चढ एक किलोमीटर किंवा त्याहून लांब असून तीस मीटरांत तीन मीटरांपेक्षा अधिक चढणारा असेल, तर या मर्यादा निम्म्या होतात. तीसमध्ये तीन म्हणजे आपला दहास एकच! आमच्या टांग्याला हवेची टायरे नव्हती. त्याच्या ४२० किलोग्रॅमला हे नियम लावून पाहा. जनावर घोडा असेल तर सपाटीवर चालेल. तट्टू असेल तर सपाटीवरही २० किलोग्रॅम जास्तच. आणि तसा लांब घाट असता, तर घोड्यालाही २५० च्या आत राहावे लागले असते, म्हणजे रिकामा टांगा आणि टांगेवाला, बस्स. बालाघाटाच्या डोंगरात राहणाऱ्या आपल्या बीड जिल्ह्याला हे कलम विशेष लागू पडते.

त्याच नियमांत आणखी एक कलम आहे. दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त जनावर जुंपायचे नाही. आणि जेथे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर जाते तेथे दुपारी बारा ते तीन या वेळेत जुंपायचेच नाही. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत या वेळी पारा कुठे असतो हे तुम्हाला सांगायला नको. घोड्यालाही आपल्यासारखाच घाम येतो आणि घामाच्या बाष्पीभवनाने त्याचे अंग थंड होते. पण ओढण्याच्या श्रमाने अंगात निर्माण होणारी उष्णता त्याहून वेगाने वाढली की ती साठत जाते. परळीच्या स्टेशनावर दुपारच्या गाडीने उतरणाऱ्या उतारूंनी आणि तेव्हाच्या पोट हातावर असलेल्या टांगेवाल्यांनी हे कलम किती पाळले असेल, याची मला शंका आहे.

मुंबईच्या व्हिक्टोरिया चार चाकांच्या, म्हणून त्यांच्या घोड्याला तोल धरावा लागत नसे. ओढ आणि ऊन मात्र चुकत नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली त्या बेकायदा ठरवल्या. आमच्याकडचे टांगे कोणी बंद केले नाहीत. रिक्षा आल्या आणि ते आपोआप गेले. आता घोडागाडी दिसते ती लग्नाच्या वरातीत, आणि तीही बहुधा चारचाकी बग्गी. पण दोन चाकांची बैलगाडी अजून आहे, उसाच्या हंगामात तर रस्तोरस्ती आहे. तिच्या जुवाखाली बैलाच्या मानेवर किती भार येतो ते वरच्याच रीतीने काढता येते.

शाळेत करून पाहण्याजोगा एक प्रयोग सांगतो. खपटाचा चौकोनी तुकडा घ्या, त्याच्या मध्यावर खालून सायकलची तार आस म्हणून बसवा आणि दोन्ही टोकांना डब्यांची झाकणे चाके म्हणून लावा. पुढे फुटपट्टी दांडी म्हणून बांधा आणि तिचे टोक स्प्रिंगच्या नाजूक तराजूला दोऱ्याने टांगा. आता दोन-दोन खडूंचे गठ्ठे बांधून 'माणसे' करा. ती पुढे-मागे ठेवून प्रत्येक वेळी तराजूवरचा आकडा लिहा आणि हिशेबाने काढलेल्या आकड्याशी ताडून पाहा. नंतर ड्रॉइंगचा फळा एका बाजूने पुस्तकांवर उचलून त्यावर गाडी चढाला तोंड करून ठेवा, चाकांमागे खोडरबरे लावून ती घसरू देऊ नका, आणि एक-एक पुस्तक वाढवत जा. दोरा केव्हा सैल पडतो ते पाहा. खडू खपटावर आडवे न ठेवता काड्यांवर उंच उभे केले, तर तो किती पुस्तके आधी सैल पडतो तेही मोजा.